उरलेलं कुणाच्या नावावर

दिवाळीच्या फराळात कशात किती कॅलरी असतात यावर एक हलकाफुलका लेख द्या, असं संपादकबाईंनी सांगितलं होतं. लिहायला बसलोही. चकलीपर्यंत आलो आणि थांबलो. तेवीस वर्षं मी लोकांच्या घरचं अन्न मोजलं. त्यातल्या एका घरात मोजमाप चुकलं, एका बाईंचा हात कायमचा अधू झाला, आणि नऊ वर्षं मी त्याबद्दल कुणाशी अक्षर बोललो नाही. चकलीचं गणित दुसरं कुणीही सांगेल. हे मलाच सांगायला हवं.

मी आहारतज्ज्ञ. पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली होती. आमच्या पेशात पुरुष कमी. दारातून डोकावणारे आधी विचारायचे, "मॅडम कधी येणार?" मी म्हणायचो, "मॅडम येणार नाहीत. बसा." काहींना मी कॅन्टीनचा माणूस वाटायचो. एका आजोबांनी उपम्यात मीठ फार पडतं म्हणून माझी दहा मिनिटं खरडपट्टी काढली होती. मी ऐकून घेतलं. उपमा खरोखरच खारट असायचा.

माझ्या टेबलावर अकरा वाट्या असत, तुळशीबागेतून एकेक करून जमवलेल्या. सगळ्यात लहान चटणीची, सगळ्यात मोठी म्हणजे जवळजवळ वाडगाच. पेशंट म्हणाला, "दुपारी एक वाटी आमटी," की मी वाट्या पुढे सरकवायचो. "यातली कुठली?" एवढ्यावर निम्मे लोक गडबडायचे. नवरा एका वाटीवर बोट ठेवायचा, बायको दुसरीवर. मग दोघं एकमेकांकडे बघायचे आणि मी पेनाचं टोपण उघडायचो.

बाहेरच्यांना वाटतं, कॅलरी मोजणं म्हणजे तक्त्यात बघणं. एक पोळी एवढी, एक वाटी भात तेवढा. तक्ता खोटा नसतो, पण तक्त्यातली पोळी कुणाच्याच घरी होत नाही. पेठेतल्या काही घरांत ती इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. हडपसरला तिच्या दुप्पट. शिवाय घरचं जेवण एका माणसाचं नसतं, ते पातेल्याचं असतं. एकाच्या नावाने शिजत नाही, तर एकाच्या नावाने मोजायचं कसं?

त्यासाठी मी घरी जायचो. सगळ्यांच्या नाही, ज्यांची साखर औषधाने आणि पथ्याने ताळ्यावर येत नसे त्यांच्याच. तीन दिवस, त्यातला एक रविवार. चूल पेटायच्या आधी काटा घेऊन हजर. डाळ, तांदूळ, पीठ कच्चं असताना तोलायचं. तेलाची बरणी स्वयंपाकाआधी तोलायची आणि नंतर तोलायची. तेल किती घातलं हे बाईंना विचारायचं नाही, बरणीला विचारायचं. मग शिजलेलं पातेलं काट्यावर. म्हणजे चमचाभर आमटीत काय आहे ते कळलं. त्यानंतर प्रत्येकाचं वाढलेलं ताट तोलायचं आणि जेवण झाल्यावर ताटात टाकलेलं तोलायचं.

सगळ्यात अवघड गेलं ते कॅम्पातलं एक घर. घड्याळदुरुस्तीचं तीन पिढ्यांचं दुकान असलेले तीन मुसलमान भाऊ, आणि तिघे एकाच मोठ्या ताटातून जेवणारे. पेशंट मधला. मी काटा घेऊन नुसता उभा राहिलो. थोरल्यांना माझी दया आली. त्यांनी चमच्याने भातात दोन रेघा ओढून तीन वाटे केले. तिसऱ्या घासाला रेघा गेल्या. मधल्याने मटणाचा तुकडा धाकट्याकडे सरकवला, धाकट्याने तो परत लोटला. थोरले म्हणाले, "साहेब, कोणी किती खाल्लं ते आम्हा तिघांना बरोबर माहितीये. फक्त तुम्ही विचारू नका, घरात भांडण होईल." मी तीनने भागलं आणि निघालो. ताटाला जे माहीत असतं ते काट्याला कळत नाही, हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं. मी जिना उतरताना फक्त भागाकार तपासला.

आता खरी गोष्ट. प्रत्येक घरात एक ताट माझ्याकडून तोललं जात नसे. जिने स्वयंपाक केला तिचं. ती सगळ्यांबरोबर बसत नाही. वाढते, उठते, तव्यावरचं बघते. सगळ्यांचं झालं की म्हणते, "सर, तुम्ही बाहेर बसा, चहा टाकते." परक्या पुरुषासमोर कुठली बाई पहिल्याच भेटीत जेवायला बसेल? मीही मुकाट्याने बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो. शिष्टाचार होता तो. आणि चहा मिळायचा.

तिचं जेवण मी वजाबाकीने काढायचो. पातेल्यात एकंदर होतं किती, इतरांच्या ताटांत गेलं किती, दुसऱ्या दिवशी सकाळी झाकून ठेवलेलं सापडलं किती. मधलं जे राहिलं, ते तिच्या नावावर. या युक्तीचा मला अभिमान होता. शिकायला येणाऱ्या मुलींना मी ती फळ्यावर लिहून समजावून द्यायचो. एकीने विचारलं होतं, "पण सर, ते त्यांनीच खाल्लं कशावरून?" मी म्हणालो, "स्वयंपाकघरात दुसरं होतं कोण?" मुलगी हुशार होती. तिने पुढे काही विचारलं नाही, पण लिहूनही घेतलं नाही.

मालनताई येरवड्याहून यायच्या. तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास. यजमान अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा संतोष रिक्षा चालवायचा, सून स्वाती कपड्यांच्या दुकानात कामाला, नातू दुसरीत. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत बुद्धांची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे रोज ताजं फूल. मालनताईंची साखर सहा महिने वरखाली होत होती. आमच्या डॉक्टर मॅडमनी मला सांगितलं, एकदा घरी जाऊन बघून या, खाण्यातच काहीतरी आहे.

तीन दिवस गेलो. त्या भाकरी करताना परातीकडे बघतसुद्धा नसत. नातवाचा पाढा ऐकत असायच्या, सुनेला काहीतरी सांगत असायच्या आणि हात आपला फिरत असायचा. भाकरी तव्याएवढी व्हायची आणि तव्यावर पडली की टम्म फुगायची. मी सलग सहा भाकऱ्या तोलल्या. सहांत मिळून चिमूटभर पिठाचा फरक. एवढा नेमका हात मी कुठे पाहिला नाही. तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "मग काय, तुमचा काटा ठेवा बाजूला, मीच सांगते वजन."

स्वातीचा डबा सकाळी तोलला जायचा. रात्री मालनताई तिला सगळ्यांबरोबरच बसवायच्या. "दिवसभर उभी असती ती दुकानात. तिला आधी वाढायचं." म्हणजे तोलायचं राहिलं एकच ताट. माझ्या वजाबाकीप्रमाणे ते ताट चार भाकऱ्यांचं होतं. दोन्ही वेळा.

पुढच्या सोमवारी त्या माझ्या खोलीत आल्या, बरोबर अण्णा आणि संतोष. मी आकडा वाचून दाखवला. मालनताई म्हणाल्या, "नाय सर. मी एवढं नाय खात. दीड भाकरी खाते."

मी म्हणालो, कागद तसं सांगत नाही.

"मी दीडच खाते, सर."

आणि मी, ज्या आवाजात पुण्यात असल्या गोष्टी बोलल्या जातात त्याच आवाजात म्हणालो, "मालनताई, मग पातेलं काय आपोआप रिकामं होतं?"

संतोष हसला. अण्णा म्हणाले, "खात असंल झाकून. दुसरं काय." मालनताईंनी एकदा अण्णांकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या माझ्या वाट्यांकडे बघत बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याला मी कबुली समजलो.

पेठेतल्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा सांगितलं असतं की मी दीडच खाते, तर मी हे बोललो असतो का? नसतो. म्हणालो असतो, आपलं कुठेतरी चुकतंय, पुन्हा एकदा मोजू या. हा विचार मला त्या दिवशी आला नाही. नंतर आला, आणि तो येऊ नये म्हणून मी बरीच वर्षं खटपट केली.

त्यांना मी पथ्याचा कागद दिला. घरच्या जेवणात बदल सांगताना मी नेहमी कमी करायची भाषा वापरायचो. ती लोकांना लवकर कळते. कागदावर लिहिलं, "प्रत्येक जेवणात एक भाकरी कमी. भात बंद." किती खायचं ते लिहिलं नाही. चारातून एक गेली की तीन उरतात, हे काय लिहायचं? डॉक्टर मॅडमनी माझा आकडा बघून गोळी वाढवली. एवढं खाणाऱ्या बाईंना आहे ती गोळी पुरणार कशी, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्या आकड्यावर विसंबून ते बरोबरच होतं.

पाचव्या दिवशी स्वातीचा फोन आला. आईंना दुपारी कापरं भरतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी झोपेतून उठवली तरी सांगेल. पण तीन-तीन भाकऱ्या खाणाऱ्या बाईंची साखर उतरणार कशी? मला वाटलं, खाणं कमी झाल्याचा कांगावा आहे. स्वातीला म्हणालो, सवय होईपर्यंत असं वाटतं, आठवडाभर जाऊ द्या, आणि गोड काही देऊ नका.

गोड काही देऊ नका, असं मी म्हणालो. हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर येतंय.

नवव्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा फोन. स्वाती त्या दिवशी घरी होती म्हणून. "सर, आई पडल्या. तव्यावर पडल्या." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी कॅज्युअल्टीच्या दारात जाऊन उभा राहिलो. येरवड्याहून यायला किती वेळ लागतो याचा मी हिशोब करत होतो, आणि प्रत्येक रिक्षा आली की पायरी उतरत होतो, परत चढत होतो. संतोषने आपल्याच रिक्षातून आणलं. मालनताईंची मान स्वातीच्या खांद्यावर पडलेली, उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. नर्सने बोट टोचून साखर बघितली आणि आकडा मोठ्याने सांगितला. तो ऐकल्यावर डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, कारण त्यांचे हात कामात होते.

शिरेतून साखर गेल्यावर काही मिनिटांनी मालनताईंनी डोळे उघडले. पहिलं विचारलं, "गॅस बंद केला का?" मग नर्सने टॉवेल सोडला, आणि मी बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर स्वाती मला भेटली. मी तिला, कुणावर तरी खापर फोडता येईल या आशेने, विचारलं की आई कागदाप्रमाणे खात होत्या ना?

"तंतोतंत सर. मीच काढून द्यायचे. दीड खायच्या, त्यातली एक कमी. राहिली अर्धी."

मी विचारलं, मग बाकीच्या भाकऱ्या जायच्या कुठे?

स्वातीने आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या खोलीत एक आजीबाई एकट्या राहायच्या, डोळ्यांनी जवळजवळ गेलेल्या. मालनताई रोज त्यांच्यापुरतं जास्तच रांधायच्या. सगळ्यांची जेवणं झाली, अण्णा आडवे झाले, की ताट पलीकडे जायचं. आजीबाईंच्या मुलाशी नळावरून अण्णांचं पूर्वी मोठं भांडण झालं होतं. मुलगा सोडून गेला, भांडण राहिलं. म्हणून हे अण्णांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढीच घरातली रीत. "तुमच्या खोलीत अण्णा बसले होते ना सर, त्यांच्यासमोर कसं सांगणार होत्या?"

माझ्या येण्याच्या तिन्ही दिवशी ते ताट गेलं होतं. मी बाहेर चहा पीत होतो.

स्वाती म्हणाली, "सर, हे अण्णांना कळू देऊ नका हं." मी म्हणालो, बघतो मी.

त्याच दुपारी डॉक्टर मॅडमनी सांगितलं, झाल्या प्रकाराबद्दल चार वाजेपर्यंत अर्धं पान लिहून द्या, नियम आहे. तेव्हा साडेतीन झाले होते. मी खोलीचं दार लावून घेतलं. समोर कोरा कागद. लिहायचं होतं ते सरळ होतं: माझी पद्धत चुकली, माझ्यामुळे खाणं निम्म्याहून कमी झालं, फोन आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. तीन ओळी. त्या लिहिल्या असत्या तर नोकरी गेली असती का? माहीत नाही. कदाचित गेली नसती. पण फळ्यावरची ती वजाबाकी, त्या मुली, तेवढ्या वर्षांतली सगळी घरं माझ्यापुढे उभी राहिली. त्यांतल्या किती बायकांच्या नावावर मी काय काय लिहिलं होतं?

चारला दहा कमी असताना मी लिहिलं: "रुग्ण स्वतःचे अन्न शेजारी देत असल्याने ठरवून दिलेला आहार घेतला गेला नाही. सूचनांचे पालन झाले नाही."

त्यात शेजारी अन्न जात होतं हे खरं होतं. म्हणूनच ते वाक्य टिकलं. निखळ खोटं असतं तर कुणीतरी प्रश्न विचारला असता. स्वातीने विश्वासाने दिलेली गोष्ट घेऊन मी तिच्याच सासूच्या गळ्यात बांधली. त्या कागदावरूनच घरी सोडतानाच्या कागदावर ते वाक्य उतरलं, आणि तो कागद अण्णांच्या हातात गेला. संतोषने त्यांना तो वाचून दाखवला, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की मालनताई बँडेज बांधलेला हात छातीशी धरून लिफ्टकडे जात होत्या आणि अण्णा दोन पावलं पुढे चालत होते.

त्या आठवड्यात एकदा घरी जेवल्यावर मी उठलो नाही. तसाच पाटावर बसून राहिलो. बायको आमटीचं पातेलं पुसून घेत होती. म्हणाली, "अहो, झालं ना तुमचं? उठा की, मला आवरायचंय." मी म्हणालो, तू जेव, मी बसतो. तिने मला ताप आहे का बघितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या घरच्या आमटीचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या मला माझी बायको किती पोळ्या खाते ते ठाऊक नव्हतं. तिने त्या दिवशी मुलीची उरलेली अर्धी आणि आदल्या दिवशीची एक खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जेवून उठलो.

कामात मात्र बदल केला. शेवटचं ताट बघितल्याशिवाय घरातून निघायचं नाही, बरोबर एका विद्यार्थिनीला न्यायचं, बाई जेवताना तिने शेजारी बसायचं. कागदावर किती कमी करायचं ते न लिहिता किती खायचं ते लिहायचं. सगळ्यांना ते फार आवडलं. सर किती बारकाईने विचार करतात, असं म्हणायचे. वजाबाकी का सोडली, असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हा निरोपाच्या भाषणात याच गोष्टीचं कौतुक झालं. मी शाल घेतली.

गेल्या उन्हाळ्यात मंडईत स्वाती भेटली. मी गवारीच्या ढिगापाशी होतो. तिनेच ओळखलं. मी विचारलं, आई कशा आहेत? बऱ्या आहेत, म्हणाली. साखर ठीक. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, भाकरी थापता येत नाही. भाकऱ्या आता स्वाती करते, तव्याएवढ्या होत नाहीत. मग तिने बाकीचं सांगितलं. कागद वाचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी पलीकडचं ताट बंद केलं. महिनाभराने आजीबाईंना त्यांची भाची लोणी काळभोरला घेऊन गेली. तिथेच त्या पावसाळ्यात गेल्या. आणि अण्णा आजही, कुणी पाहुणा आला आणि हाताची चौकशी केली, की सांगतात, "लोकांना वाटत बसली, स्वतः उपाशी राहिली. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय."

"आई काही बोलत नाहीत," स्वाती म्हणाली. "सर, एक विचारू? तुम्हाला मी सांगितलं होतं ना, त्या तुमच्या कागदाप्रमाणेच खात होत्या. तुमच्या लक्षात राहिलं नव्हतं का?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. नऊ वर्षं तिने माझ्यासाठी ही पळवाट राखून ठेवली होती. मी म्हणालो, "लक्षात होतं." तिने गवारीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेली.

आधी डॉक्टर मॅडमना फोन करून खरं काय घडलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या घरी जाऊन आलात का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग मला काय सांगताय.

पुढच्या रविवारी सकाळी येरवड्याला गेलो. घर तेच. अण्णा खाटेवर बसलेले, फार थकलेले, कानाने अगदी कमी ऐकणारे. संतोष पेपर वाचत होता. मालनताईंनी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या दिला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि मी तो प्यायलो असतो. वजाबाकी कशी करायचो ते सांगितलं. फोनवर काय म्हणालो ते सांगितलं. साडेतीन ते चारमध्ये काय केलं ते सांगितलं. संतोषने पेपर खाली ठेवला. स्वाती आतल्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती.

मालनताई म्हणाल्या, "मला ठावंच होतं की सर. मी तुमच्या कागदापरमानंच खाल्लं. चूक माझी नाय, हे मला रोज ठावं होतं." मग म्हणाल्या, "पन आता हे तोंडानं नको. तवा तुम्ही लिवून दिलं होतं. आता बी लिवून द्या."

नातवाच्या वहीचं एक पान स्वातीने फाडून दिलं. मी गुडघ्यावर ठेवून लिहिलं. मालनताईंनी मी सांगितलेला आहार तंतोतंत पाळला. शेजारी दिलेलं ताट त्यांच्या वाट्याचं नव्हतं. त्या उपाशी राहिल्या त्या माझ्या सांगण्यामुळे. आधीच्या कागदावर मी खोटं लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि सही.

त्यांनी तो कागद संतोषकडे दिला. "वाच." तो हळू आवाजात वाचायला लागला.

"मोठ्यानं वाच. ह्यांना ऐकू येत नाय."

संतोषने पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बसला, तर त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. अण्णा हाताचा द्रोण कानामागे धरून ऐकत होते. म्हणाले, "खोटं कोन बोललं म्हनतोय?"

मी खाटेजवळ गेलो, त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "मी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते मालनताईंकडे बघत होते. म्हणाले, "मंग तू तवा बोलली का नाहीस?"

"बोलले होते," मालनताई म्हणाल्या. संतोषच्या हातातून कागद घेतला आणि आत गेल्या.